लग्नातल्या पाहुण्यांच्या हाती घरचे कॅरॅमल सफरचंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात "काही उपयोगाचे सांगा" अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा मी जरा विचारात पडले. मी काही व्याख्याती नव्हे. सांगण्यासारखे माझ्यापाशी एकच आहे. ते म्हणजे गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी झालेल्या लग्नात पाहुण्यांना वाटण्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून केलेली कॅरॅमलची सफरचंदे. तुमच्यापैकी सहाजणी त्या दिवशी पहाटे पाच वाजता पदर खोचून आमच्या अंगणात हजर होत्या. त्यानंतर पुष्कळजणींनी मला कृती विचारली. प्रत्येकीला दारात उभ्या उभ्या सांगताना काहीतरी राहून जाते, आणि जे राहून जाते तेच नेमके महत्त्वाचे असते. म्हणून आज सगळे सविस्तर सांगते. त्यात आमच्या चुकाही सांगणार आहे, कारण त्या ऐकल्या तर तुमचे सामान वाया जाणार नाही.

आधी हे फळ आमच्या लग्नात कसे आले ते सांगते. लग्न माझ्या धाकट्या पुतणीचे. तिचे वडील, म्हणजे माझे दीर, चार वर्षांपूर्वी गेले. जाऊबाईंनी थोडी शेती आणि शिवणकाम यांवर दोन्ही मुलींना शिकवले. धाकटी पुण्यात नोकरी करते. लग्न साधेपणाने करायचे हे दोन्हीकडच्या मंडळींनी ठरवले होते. परंतु जाऊबाईंच्या मनाला एक गोष्ट सारखी लागून राहिली होती. त्या म्हणायच्या, "वहिनी, जेवण साधे असले तरी चालेल, पण आलेला माणूस रिकाम्या हाताने जाऊ नये. त्यांचे बाबा असते तर जाऊ दिला नसता." हल्ली लग्नात पाहुण्यांना निघताना काहीतरी हाती देण्याची पद्धत सर्वत्र झाली आहे. त्यांनी दुकानातून अशा वस्तूंची यादी आणवली आणि किमती पाहून यादी उशीखाली ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मी विचारले तर म्हणाल्या, "एक बांगडी मोडली की भागेल."

हे पुतणीच्या कानी गेले. ती म्हणाली, "आई, बांगडी मोडायची नाही. परदेशात लग्नात पाहुण्यांना कॅरॅमलमध्ये बुडवलेले सफरचंद देतात. ते घरी करता येते. आपण तेच करू." त्यावर आमच्या सासूबाई, वय वर्षे ८४, काय म्हणाल्या ते तुम्हाला सांगितलेच पाहिजे. त्या म्हणाल्या, "काडीला टोचलेले फळ पाहुण्याच्या हातात द्यायचे? लग्न आहे का जत्रा?" सगळे हसले. पण सासूबाईंनी ज्या काडीला नाक मुरडले, ती काडीच पुढे खरोखर वाईट निघाली. ते मी पुढे सांगते.

आता तुम्ही म्हणाल, सफरचंद आणि कॅरॅमल ही परदेशी थेरे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कशाला? मलाही आधी तसेच वाटले होते. परंतु विचार केला तर यात परके असे फार थोडे आहे. लग्न ठरले की आपण साखरपुडा करतो. नावातच साखरेचा पुडा आहे. शुभवार्ता आणणाऱ्याच्या हातावर आपण साखर ठेवतो, रुखवतात घरच्या बायकांच्या हातचे लाडू आणि करंज्या मांडतो. पाहुण्याचे तोंड गोड करून त्याची पाठवणी करणे ही आपलीच रीत आहे. आणि साखर तर आपल्या जिल्ह्याच्या घरची. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. आज आपल्याला साखरेचे अप्रूप राहिलेले नाही, पण पाकाची पारख मात्र प्रत्येक घरात आहे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही नावे आपल्याला पुस्तकातून शिकावी लागली नाहीत.

कॅरॅमल म्हणजे तरी काय? साखर तापवत गेले की ती वितळते, मग सोनेरी होते, मग तांबूस होते आणि तिला एक खमंग वास येतो. त्याच्या पुढे गेली की करपते आणि कडू होते. त्यात साय आणि लोणी घालून पाक गोळीबंद होईपर्यंत आटवला की मऊ, चिवट, बदामी रंगाचे कॅरॅमल तयार होते. साय आणि लोणी यांतला दुधाचा अंश तापला की तोही रंग आणि खमंगपणा देतो. ज्या बाईने संक्रांतीला चिक्की केली आहे आणि दिवाळीला रव्याच्या लाडवांचा पाक साधला आहे, तिला हे जड जाणार नाही.

परदेशात याची सुरुवात कशी झाली तेही गमतीचे आहे. १९०८ साली अमेरिकेत नेवार्क शहरातल्या विल्यम कोल्ब नावाच्या मिठाईवाल्याने दालचिनीच्या वासाच्या लाल पाकात सफरचंदे बुडवून नाताळच्या सुमारास दुकानाच्या काचेत शोभेला ठेवली. गिऱ्हाइकांनी शोभेची मिठाई राहू दिली आणि सफरचंदेच विकत घेतली, असे सांगतात. तो पाक काचेसारखा कडक असे. मऊ कॅरॅमलचे सफरचंद त्यानंतर, १९५० च्या दशकात आले. तिकडे सफरचंदांचा हंगाम संपत आला की फळ स्वस्त असते, म्हणून घरोघर हा पदार्थ करतात.

हंगामाची ही गोष्ट आपल्यालाही लागू पडते. काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातली नवी सफरचंदे आपल्या बाजारात श्रावण-भाद्रपदापासून येऊ लागतात आणि मार्गशीर्षापर्यंत भरपूर असतात. तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडचे मुहूर्त सुरू होतात. तेव्हा थंडी असते आणि फळही ताजे असते. म्हणून मार्गशीर्षातल्या लग्नाला हा पदार्थ शोभतो. वैशाखातल्या लग्नाला मात्र कोणीही याच्या वाटेला जाऊ नये. आपल्या उन्हाळ्यात कॅरॅमल कागदाला चिकटून ओघळते, आणि फळाचे काय होते ते आता सांगायचेच आहे.

लग्नाच्या तीन आठवडे आधी आम्ही पहिला प्रयोग केला. त्यात चार चुका झाल्या.

पहिली चूक अशी की बाजारातून आणलेली सफरचंदे नुसती पुसून आम्ही पाकात बुडवली. पाक चढला आणि पाहता पाहता खाली घसरून ताटात गोळा झाला. कारण सफरचंद ताजे राहावे म्हणून त्याच्यावर बरेचदा खाण्यायोग्य मेणाचा पातळ थर दिलेला असतो. मेणावर पाक कसा धरणार? यावर उपाय सोपा आहे. पाणी उकळून त्यात फळ आठ-दहा सेकंद बुडवावे, लगेच काढून खरखरीत स्वच्छ कापडाने चोळून पुसावे आणि कोरडे होऊ द्यावे.

दुसरी चूक म्हणजे आम्ही फळे फ्रिजमधून काढल्या काढल्या घेतली. थंड फळाला बाहेर दव सुटते आणि त्या ओलाव्यावरूनही पाक घसरतो. फळ खोलीतल्या हवेइतकेच असावे आणि हाताला अगदी कोरडे लागावे.

तिसरी चूक माझी. घरात साठवलेली साय होती, ती मी घातली. ती किंचित आंबूस झालेली होती. शिवाय पाकात काकवी होती. काकवीतही आंबटपणा असतो. साय घालताच सगळे फाटले आणि पातेल्यात कॅरॅमलऐवजी कळकट चोथा तयार झाला. तेव्हा साय त्याच दिवशीची, गोड आणि घोटलेली हवी किंवा डेअरीतले ताजे क्रीम घ्यावे. आणि काकवीचा आंबटपणा मारायला आधी चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा.

चौथी चूक मात्र आमच्या लक्षातच आली नव्हती. ती पुतणीच्या मैत्रिणीने दाखवून दिली. ही मुलगी अन्नशास्त्र शिकलेली आहे. आमच्या दुसऱ्या प्रयोगाची सफरचंदे छान झाली होती. प्रत्येकात एकेक लाकडी काडी टोचलेली, खाली दाण्याच्या कुटाची किनार. आम्ही ठरवले होते की लग्नाच्या तीन दिवस आधी सगळी करून ठेवायची, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. ती मुलगी आली, तिने ताट पाहिले आणि विचारले, "काकू, ही बाहेर किती दिवस ठेवणार?" मी म्हटले, "तीन दिवस. पाकातले आहे, त्याला काय होतेय?" ती म्हणाली, "तसेच अमेरिकेतल्या लोकांनाही वाटले होते."

तिने सांगितलेली हकिगत अशी. २०१४ सालच्या शेवटी अमेरिकेत तयार, काडी टोचलेल्या कॅरॅमल सफरचंदांमुळे लिस्टेरिया नावाच्या जंतूचा आजार पसरला. बारा राज्यांत मिळून ३५ माणसे आजारी पडली, त्यांतल्या ३४ जणांना रुग्णालयात न्यावे लागले आणि ७ जण दगावले; त्यांपैकी निदान तिघांच्या मृत्यूला हा आजार कारण झाला. या ३५ पैकी ११ रुग्ण गरोदर बायका किंवा त्यांची नवजात बाळे होती. एकीचे मूल पोटातच गेले. या जंतूची हीच वाईट खोड आहे. धडधाकट माणसाला तो सहसा फारसा त्रास देत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि गरोदर बायकांना मात्र गाठतो.

हे ऐकल्यावर जाऊबाई मटकन खाली बसल्या. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे नवरीची बहीण, तेव्हा सातव्या महिन्यात होती. पहिले सफरचंद तिच्याच हाती द्यायचे असे आमचे आधीच ठरले होते.

मला प्रश्न पडला की पाकात जंतू वाढतोच कसा? पाकात घातलेले मुरंबे आपण वर्ष वर्ष ठेवतो. त्या मुलीने समजावून सांगितले ते मला पटले, म्हणून तुम्हालाही सांगते. कॅरॅमलमध्ये पाण्याचा अंश इतका कमी असतो की त्यात जंतू वाढू शकत नाही. सफरचंद आंबट असते, म्हणून त्यातही तो सहज वाढत नाही. दोन्ही वेगवेगळे असले तर भीती थोडी. परंतु काडी टोचली की फळाचा रस त्या भोकातून वर येतो आणि साल व कॅरॅमल यांच्या मधल्या फटीत साचतो. तेथे ओलही असते आणि गोडीही असते. सालीवर कोठे जंतू असलाच, तर त्याला घरच मिळते. २०१५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे करून पाहिले. काडी टोचलेली सफरचंदे खोलीतल्या हवेत ठेवली तर तीन दिवसांत जंतू हजारपट वाढले. काडी टोचलेली पण फ्रिजमध्ये ठेवलेली, त्यांच्यात आठवडाभर वाढ झाली नाही, नंतर झाली. आणि काडी न टोचता फ्रिजमध्ये ठेवलेल्या सफरचंदांत चार आठवडे जंतू वाढलाच नाही.

मुरंब्याचा प्रश्नही सुटला. मुरंब्यातले फळ पाकात शिजते आणि पाक त्याच्या गाभ्यापर्यंत मुरतो. कॅरॅमलच्या आतले सफरचंद कच्चेच असते. वरून पाकाचा सदरा घातला म्हणून ते मुरंब्यासारखे टिकत नाही.

त्या रात्री जाऊबाई म्हणाल्या, "नको हे सफरचंद. मी बांगडी मोडते." पुतणी काही बोलली नाही. सासूबाईच म्हणाल्या, "अगं, काडी वाईट आहे ना? मग काडी काढा. फळाने काय केलंय?" आणि सगळी अडचण एका वाक्यात सुटली. मग आम्ही चार नियम केले आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून लावले. काडी टोचायची नाही. तीन दिवस आधी नव्हे, लग्नाच्याच दिवशी पहाटे करायचे. डाग पडलेले, ठेचलेले, किडके फळ अजिबात घ्यायचे नाही. आणि प्रत्येक पुड्यावर चिठ्ठी लावायची: "आज रात्रीपर्यंत खावे. तोवर फ्रिजमध्ये ठेवावे. धारदार सुरीने फोडी करून खावे. यात दूध व शेंगदाणे आहेत." शेंगदाणे काहींना सोसत नाहीत, म्हणून तेवढे लिहिणे बरे. थोरल्या पुतणीपुरते आम्ही असे ठरवले की ताजे केलेले एक फळ तिला तेथेच चिरून द्यायचे. बांधून ठेवलेले द्यायचेच नाही.

आता कृती सांगते. ज्यांना लिहून घ्यायची असेल त्यांनी घ्यावी.

हे प्रमाण बारा लहान सफरचंदांचे. एकेक फळ सुमारे १२० ग्रॅमचे असावे. मोठे फळ दिसायला छान दिसते, पण एकट्याला संपत नाही. साखर ४०० ग्रॅम, काकवी २०० ग्रॅम, ताजी घोटलेली साय किंवा क्रीम २५० मिलिलिटर, लोणी १०० ग्रॅम, खाण्याचा सोडा एक चिमूट, मीठ एक चिमूट आणि साखर भिजेल इतके थोडे पाणी. काकवी गुऱ्हाळावरची स्वच्छ गाळलेली घ्यावी. ती का घालायची, तर नुसत्या साखरेचा पाक आटवताना आणि निवताना साखरतो, कणीदार होतो. काकवी घातली की तो गुळगुळीत राहतो. परदेशात यासाठी मक्याच्या साखरेचा पाक वापरतात. आपल्याला त्याची गरज नाही.

सफरचंदे आधी सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्यातून काढून, पुसून, कोरडी करून ठेवावी. दाणे भाजून, सोलून, जाडसर भरडून परातीत पसरावे. दुसऱ्या परातीला तुपाचा हात लावून ठेवावा. पाक झाल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

जाड बुडाचे, उंच काठाचे पातेले घ्यावे. त्यात साखर, पाणी, काकवी आणि लोणी एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. सगळे वितळून उकळी फुटली की सोडा घालावा. पाक एकदम फसफसून वर येतो, म्हणून पातेले उंच सांगितले. फेस बसला की कोमट केलेली साय बारीक धारेने घालत ढवळावे. यानंतर आच कमी करून सारखे ढवळत राहावे. बूड लागू देऊ नये. वीस-पंचवीस मिनिटांनी रंग बदामी होतो आणि बुडबुडे जड होऊन सावकाश फुटू लागतात. तेव्हा वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून पाहावा. गोळी झाली पाहिजे. पाण्यातून काढल्यावर ती आपला आकार धरून राहिली पाहिजे, पण बोटाने दाबली तर दबलीही पाहिजे. पसरली तर पाक कच्चा. टणक झाली तर पुढे गेला, म्हाताऱ्या माणसांचे दात त्यात राहतील. ज्यांच्याकडे पाकाचा तापमापक आहे त्यांनी ११८ ते १२० अंश सेल्सिअसवर उतरवावे. मीठ घालून एकदा ढवळावे.

आता आठ-दहा मिनिटे थांबावे. ही दहा मिनिटे फार जड जातात, पण कढत पाक पाण्यासारखा वाहून जातो. थोडा निवून दाट झाला की एकेक सफरचंद झाऱ्यावर ठेवून पाकात सोडावे, चमच्याने वरून पाक घालत फिरवावे आणि गुलाबजाम उचलावा तसे अलगद उचलून निथळू द्यावे. देठाजवळचा भाग उघडाच ठेवावा. तांबडे फळ वरून डोकावते ते शोभूनही दिसते. लगेच दाण्याच्या भरडीवर बूड टेकवून तुपाच्या परातीत ठेवावे. पाक मध्येच घट्ट झाला तर पातेले गरम पाण्याच्या परातीत ठेवावे. पुन्हा थेट आचेवर चढवू नये.

एक सूचना पोटतिडकीने करते. या कामाच्या जवळपास लहान मुले नकोत. उकळता पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो कातडीला चिकटून बसतो आणि खोल भाजतो. कोणाला भाजलेच तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, दंतमंजन, शाई असले काही लावू नये. भाजणे मोठे असेल तर पाणी घालून झाल्यावर थेट डॉक्टरांकडे जावे.

लग्नाच्या दिवशी आम्ही दीडशे घरांच्या हिशेबाने, दर घराला एक, असे फळ केले. वीस किलोची एक पेटी आणली. निवडून डागाळलेली वेगळी काढली, त्यांचा शिरा झाला. साडेपाच किलो साखर, पावणेतीन किलो काकवी, सव्वातीन लिटर साय आणि सव्वा किलोहून थोडे जास्त लोणी लागले. तीन शेगड्यांवर तीन पातेली. पाकाकडे फक्त तीन अनुभवी बायका, बाकीच्या पुसायला, टेकवायला आणि बांधायला. पहाटे पाचला सुरू केले, साडेआठला शेवटचे फळ परातीत टेकले. निवल्यावर बटर-पेपरमध्ये गुंडाळून पळसाच्या द्रोणात ठेवले. दुपारपर्यंत ती फळे कोठे ठेवायची हा प्रश्न होता. तो शेजारच्या चार घरांनी आपापले फ्रिज रिकामे करून देऊन सोडवला. त्यांच्या भाज्या त्या दिवशी बाहेर राहिल्या, याबद्दल त्यांचे आज सर्वांसमक्ष आभार मानते. मुहूर्त साडेबाराचा होता; पाहुणे निघू लागले तसतसे द्रोण बाहेर आणले.

सगळा खर्च मांडून पाहिला, तेव्हा जाऊबाईंच्या उशीखालच्या यादीतली सर्वांत स्वस्त वस्तू घेतली असती तर जेवढे लागले असते, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी लागले. दर रोज बदलतात, म्हणून मी रुपये सांगत नाही. वजने सांगितली आहेत, त्यावरून हिशेब तुम्हीच करा.

काहीजणींनी विचारले की आपल्याकडची फळे का नाही घेतली? करून पाहिली. राहात्याचा पेरू सुवासाला सफरचंदाहून वरचढ, पण पिकला की मऊ पडतो आणि पाकाखाली त्याला पाणी सुटते. त्याची वडीच करावी. घट्ट, रसरशीत बोरे मात्र चांगली झाली, आणि ती मार्गशीर्ष-पौषात आपल्या दारात मिळतात. ती कॅरॅमलमध्ये न बुडवता गुळाच्या कडक पाकात बुडवावी. लहान मुलांना देताना बी आहे हे ध्यानात ठेवावे. हीसुद्धा त्याच दिवशी संपवायची. सफरचंदाचा दुराग्रह मुळीच नाही. ज्या हंगामात जे फळ उत्तम, ते घ्यावे. आता हिमाचलातल्या हरिमन शर्मा या शेतकऱ्याने उष्ण हवेत येणारे एच.आर.एम.एन.-९९ हे सफरचंद तयार केले आहे. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ते लावले आहे. तेव्हा उद्या आपल्याच शेतातले सफरचंद पाकात बुडवण्याचा दिवसही कदाचित येईल.

आता शेवटचे सांगते. पाठवणीच्या वेळी जाऊबाई मांडवाच्या दाराशी उभ्या होत्या आणि प्रत्येकाच्या हाती द्रोण देत होत्या. देताना त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "घरी केलंय. आज रात्रीच खा बरं का, उद्यावर ठेवू नका." वरपक्षातल्या एका वयस्क बाईंनी हसून विचारले, "विहीणबाई, एवढं बजावून सांगताय?" त्यावर जाऊबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी माझी मुलगी येतेय. तुम्हाला काही होऊन कसं चालेल?" त्या बाईंनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी पाहत होते. जाऊबाईंच्या त्या हातातली बांगडी जिथल्या तिथे होती.

थोरलीला पुढे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. परवा बारसे झाले. तेव्हा कोणीतरी म्हणाले की पुन्हा सफरचंदे करा. मी म्हटले, आता उन्हाळा आहे, आता पेढे.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कोणाच्या घरी येत्या मार्गशीर्षात कार्य असेल आणि हे करावेसे वाटले, तर आम्ही वापरलेली तीन मोठी पातेली आणि झारे मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत. पाकाचा तापमापकही आहे. वहीत नाव लिहून न्यावे आणि घासून परत आणावे. पहाटे पाचला हाक मारली तर मीही येईन. मात्र भिंतीवरचे ते चार नियम आधी लिहून लावा, मगच शेगडी पेटवा.